मांडव्याचा सूळ आणि सातारची गादी

अपराध नेहमी घडून गेलेला असतो. न्यायासनावर बसलेल्या माणसाला तो कधीच दिसत नाही. त्याच्यापुढे येते ते अपराधाच्या मागे उरलेले काहीतरी, म्हणजे घरात सापडलेली वस्तू, ओल्या मातीतला पायाचा ठसा, अडखळणारी जीभ किंवा कागदावरची सही, आणि या उरल्यासुरल्या गोष्टींवरून डोळ्यांआडच्या कृत्याकडे बुद्धी ज्या वाटेने जाते, त्या वाटेला न्यायदर्शनात अनुमान म्हणतात. ज्या खुणेवरून अनुमान निघते तिला ‘लिंग’ किंवा ‘हेतू’ ही संज्ञा आहे. धूर हे अग्नीचे लिंग, हा तर्कशास्त्रातला पहिला पाठ होय. परंतु धुराचा अग्नीशी जसा अविनाभाव, म्हणजे एकावाचून दुसरे नसण्याचा संबंध, मानला जातो, तसा चोरीच्या मालाचा चोराशी आहे काय, या प्रश्नाने धर्मशास्त्रकारांना बरेच छळले आहे आणि त्याचे उत्तर त्यांनी एकमुखाने दिलेले नाही. दोषाची खूण आणि दोष यांच्यामध्ये जे अंतर राहते ते कोण भरून काढतो, आणि ते भरण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हा प्रश्न कायद्याचा जितका आहे तितकाच धर्माचा आहे.

या प्रश्नाची साधने सातारा जिल्ह्यातच एकत्र झालेली आहेत, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली ‘धर्मकोश’ तयार होऊ लागला, तेव्हा 1937 पासून प्रथम प्रसिद्ध झाले ते व्यवहारकांड. व्यवहार म्हणजे येथे लोकाचार नव्हे, तर न्यायालयापुढील वाद आणि त्याची कार्यपद्धती. मनू, याज्ञवल्क्य, नारद, बृहस्पती, कात्यायन यांची वचने विषयवार एकाखाली एक मांडलेली असल्यामुळे वाचकाला एक गोष्ट चटकन दिसते, ती म्हणजे अपराधाच्या पुराव्याबद्दल या स्मृतिकारांच्या मनात आत्मविश्वास आणि धास्ती शेजारी शेजारी नांदत होती.

आत्मविश्वासाची बाजू आधी पाहावी. मनूने चोरीच्या मालाला ‘होढ’ असा शब्द वापरला आहे, आणि धार्मिक राजाने होढ हाती लागल्याशिवाय चोराला देहदंड देऊ नये, मात्र माल आणि चोरीची हत्यारे यांसह जो सापडेल त्याच्याबाबत विचार करीत बसू नये, असे सांगितले आहे. याज्ञवल्क्य त्याच मालाला ‘लोप्त्र’ म्हणतो आणि त्याच्या जोडीला पायांचा माग, पूर्वीचा अपराध आणि संशयास्पद वस्ती यांनाही पकडण्याची कारणे मानतो. नारद याच्याही पुढे जातो: ज्याच्या हातात पेटते कोलीत आहे तो आग लावणारा, ज्याच्या हातात शस्त्र आहे तो मारेकरी, बांधाजवळ कुदळ घेऊन उभा आहे तो बांध फोडणारा, अशा प्रसंगी साक्षीदारांची गरजच नाही, असे तो म्हणतो. आजच्या पोलिसी मराठीत ज्याला ‘मुद्देमालासह पकडणे’ आणि बोलीत ज्याला ‘रंगेहाथ पकडणे’ म्हणतात, त्याचेच हे जुने रूप होय. वस्तूंनंतर पाळी येते शरीराची. जागा बदलत राहणे, ओठ चाटणे, कपाळाला घाम येणे, चेहऱ्याचा रंग उतरणे, बोलणे कोरडे आणि तुटक होणे, ही खोट्या पक्षकाराची आणि खोट्या साक्षीदाराची लक्षणे याज्ञवल्क्याने नोंदवली आहेत. ‘लक्षण’ आणि ‘चिन्ह’ या शब्दांत पुरावा स्वतःच बोलतो असे गृहीत धरलेले असते, आणि मराठी म्हणींनी तेच गृहीतक घरोघर पोहोचवले आहे. ‘कर नाही त्याला डर कशाला’, ‘खाई त्याला खवखवे’, ‘चोराच्या मनात चांदणे’, या तिन्ही म्हणींचा सिद्धांत एकच: भीती ही दोषाची सावली आहे, आणि सावली दिसली की वस्तू शोधण्याचे कारण उरत नाही.

हा सिद्धांत सोयीचा आहे, पण खरा नाही. तो खरा नाही हे ओळखण्यासाठी आधुनिक मानसशास्त्राची वाट पाहावी लागली नाही. प्राचीन ग्रंथकारांनी त्याचे खंडन मांडव्याच्या कथेवरून केले. महाभारताच्या आदिपर्वात ही कथा येते. मौनव्रत धरलेला मांडव्य ऋषी आश्रमाच्या दाराशी झाडाखाली हात वर करून तप करीत असता, मागावरच्या शिपायांच्या भीतीने चोर लुटलेला माल घेऊन त्याच्याच आश्रमात लपतात. शिपाई येऊन विचारतात, चोर कोणत्या वाटेने गेले. ऋषी उत्तर देत नाही. झडती होते, चोर सापडतात, माल सापडतो, आणि राजा चोरांबरोबर ऋषीलाही सुळावर चढवण्याची आज्ञा देतो. मनूच्या कसोटीवर घासून पाहिले तर या निवाड्यात खोट काढणे कठीण आहे, कारण होढ सापडला आहे, चोर त्याच्याच घरात आहेत, आणि विचारले असता त्याने खुलासाही केलेला नाही. पुराव्याची प्रत्येक कडी जागच्या जागी असूनही माणूस निर्दोष असू शकतो, एवढेच सांगण्यासाठी ही कथा रचली असावी, असे वाटण्याइतकी तिची मांडणी काटेकोर आहे.

कौटिल्याने हीच कथा थोडी वेगळी सांगितली आहे आणि तो फरक फार बोलका आहे. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात तो बजावतो की चोरांच्या वाटेने सहज जाणारा, त्यांच्यासारखा वेष, शस्त्र किंवा सामान असणारा, किंवा त्यांच्या मालाजवळ आढळलेला माणूस चोर नसूनही पकडला गेल्याचे दिसते. आणि उदाहरण म्हणून तो मांडव्याचे नाव घेतो, पण त्याचा मांडव्य गप्प राहत नाही, तर छळाच्या भयाने ‘मी चोर आहे’ असे म्हणतो. यावरून कौटिल्याचा निष्कर्ष असा की पुरावा पूर्ण झाल्याखेरीज दंड करू नये. महाभारतातल्या मांडव्याला मौनाने घात केला, अर्थशास्त्रातल्या मांडव्याला बोलण्याने केला. शिपायांनी मौनाचा अर्थ कबुली असा लावला आणि छळलेल्याच्या कबुलीचा अर्थ सत्य असा लावला. दोन्ही ठिकाणी पुराव्यात जी एक जागा रिकामी होती ती आरोपीच्या तोंडून, किंवा त्याच्या न उघडलेल्या तोंडातून, भरून घेतली गेली. बृहस्पतीने या अनुभवाचे सार नियमाच्या रूपात मांडले: केवळ शास्त्रवचनाच्या आधारे निर्णय करू नये, युक्तीवाचून केलेल्या विचाराने धर्माचीच हानी होते, आणि मांडव्य चोर ठरला तो असाच. युक्ती या शब्दाचा अर्थ येथे क्लृप्ती नव्हे, तर खुणेपासून निष्कर्षापर्यंतचा टप्पा तपासून पाहणारा तर्क होय.

कथेचा उत्तरार्ध धर्मदृष्ट्या याहून अवघड आहे आणि सहसा तो उपकथेसारखा वाचून सोडला जातो. सुळावरही मांडव्य मरत नाही. राजा चूक ओळखून क्षमा मागतो, सूळ उपटून निघत नाही म्हणून तो कापतात, आणि आत राहिलेल्या टोकामुळे ऋषीला ‘अणीमांडव्य’ हे नाव पडते. तो यमधर्माकडे जाऊन विचारतो की आपण असे काय केले होते. धर्म उत्तर देतो की लहानपणी त्याने किड्यांच्या शरीरात गवताची काडी खुपसली होती, त्याचे हे फळ. म्हणजे धर्मराजाच्या हिशेबात मांडव्य दोषीच आहे, फक्त चोरीचा नव्हे. भोग आहे त्याअर्थी पाप असलेच पाहिजे, ही कर्मसिद्धांताची लोकांत रुळलेली समजूत येथे धर्माच्याच तोंडी घातली आहे, आणि आश्चर्य असे की कथा ती मान्य करीत नाही. मांडव्य धर्मालाच शाप देतो, धर्माला विदुराच्या रूपाने दासीच्या पोटी जन्म घ्यावा लागतो, आणि चौदा वर्षांपर्यंतच्या वयात केलेले कृत्य पातक गणले जाणार नाही अशी मर्यादा ऋषी घालून देतो. दुःखालाच दोषाचा पुरावा मानण्याची सवय मराठी समाजात आजही चांगलीच मुरलेली आहे; आजारी माणसाबद्दल ‘काहीतरी कर्म असेल’ असे म्हणणारा शेजारी नकळत यमधर्माची बाजू घेत असतो. महाभारताने मात्र कौल ऋषीच्या बाजूने दिला आहे.

शरीराला साक्षीला बोलावण्याची सर्वांत संघटित पद्धत म्हणजे ‘दिव्य’. लेख, भोगवटा आणि साक्षीदार ही तीन मानवी प्रमाणे संपली म्हणजे दैवी प्रमाणाकडे वळावे, असे याज्ञवल्क्य सांगतो आणि तुला, अग्नी, जल, विष व कोश अशी पाच दिव्ये देतो. अग्निदिव्यात पिंपळाची सात पाने हातांवर बांधून त्यांवर पन्नास पळे वजनाचा तापलेला लोखंडी गोळा ठेवीत आणि सात मंडले ओलांडायला लावीत. त्याआधी हातांवर भात चोळून जुने व्रण आणि तीळ यांच्या जागा खुणावून ठेवीत, म्हणजे नंतर दिसणारी जखम नवी की जुनी हा वाद उरू नये. एवढी काळजी घेणाऱ्यांना अंधश्रद्ध म्हणून निकालात काढणे सोपे आहे, पण त्यांना पुराव्याचे स्वरूप कळत नव्हते असे म्हणता येणार नाही. मराठी मुलखात वतनाच्या भांडणात ‘रवा दिव्य’ चाले, म्हणजे कढत तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे, मग हात पिशवीत बांधून त्यावर मोहोर करीत आणि ठरलेल्या दिवशी सभेपुढे उघडून पाहत. कऱ्हाडजवळच्या मसूरच्या पाटीलकीवरून नरसोजी जगदाळे आणि बापाजी मुसलमान यांच्यात इब्राहिम आदिलशाहाच्या काळात झालेला वाद पैठणच्या सभेपर्यंत गेला, तो अशा दिव्यांच्या इतिहासात नेहमी उल्लेखला जातो. मिताक्षराकार विज्ञानेश्वराने मानवी प्रमाण मिळत असता दिव्याचा आश्रय घेऊ नये असे स्पष्ट केले आहे, आणि मोठ्या आरोपात आरोप करणाऱ्याने ‘शीर्ष’ स्वीकारावे, म्हणजे आरोपी शुद्ध ठरल्यास स्वतः दंड सोसायला तयार व्हावे, अशी अटही स्मृतीत आहे. आरोप करणे फुकटचे असू नये, हा त्यामागचा विचार दिव्यपद्धती गेली तरी टाकून देण्यासारखा नव्हता.

दंड आणि प्रायश्चित्त यांतला भेदही येथेच समजून घ्यावा लागतो. दंड राजा करतो, म्हणून त्याला पुरावा लागतो. प्रायश्चित्त कर्ता स्वतः घेतो, म्हणून त्याला स्वतःची जाणीव पुरते, आणि जो दोष कोणालाच ठाऊक नाही त्याच्यासाठी याज्ञवल्क्याने गुप्तपणे करण्याची व्रते, म्हणजे रहस्यप्रायश्चित्ते, वेगळी सांगितली आहेत. अर्थात दोष पुराव्यावाचूनही असतो; पुरावा ही गरज इतरांची आहे. साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांच्याबद्दलची प्रसिद्ध आख्यायिका याच भेदावर उभी आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, रामशास्त्र्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरवले, आणि रघुनाथरावांनी प्रायश्चित्त विचारले असता देहान्तावाचून दुसरे नाही असे सांगून ते पुणे सोडून वाईजवळ पांडववाडीला जाऊन राहिले. न्यायाधीशाने मसनदीवरच्या माणसाला दंड करण्याची सोय नव्हती, म्हणून त्याने प्रायश्चित्ताच्या भाषेत निकाल दिला, असे या आख्यायिकेचे वाचन करता येते. याच खुनाने मराठीला ‘ध’ चा ‘मा’ हा वाक्प्रचार दिला. आनंदीबाईंनी ‘धरावे’चे ‘मारावे’ केले ही हकिकत कथा म्हणूनच चालत आली आहे, पण एका अक्षराइतका पुरावा आणि तोही कथेतला, एवढ्यावर त्या बाईंना गेली अडीचशे वर्षे शिक्षा भोगावी लागते आहे, याला काय म्हणावे?

गावाला जे ठाऊक आहे तेच पुरावा, अशी आणखी एक धारणा या मुलखात वेळोवेळी डोके वर काढते. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने 1943 नंतर कुंडल-वाळव्याच्या परिसरात, म्हणजे तेव्हाच्या सातारा आणि आजच्या सांगली जिल्ह्यात, गावोगाव न्यायदान मंडळे चालवली. दरोडेखोर, खबरे आणि सावकारी जुलूम करणारे यांचा निवाडा गावकऱ्यांसमोर होई, आणि कागदोपत्री पुराव्यापेक्षा सर्वांच्या माहितीला वजन असे. इंग्रजी कोर्टात पिढ्या घालवलेल्या शेतकऱ्याला हा न्याय आपला वाटला, यात नवल नाही. परंतु सर्वांना ठाऊक असणे आणि सिद्ध असणे यांत फरक आहे, हा बृहस्पतीचा इशारा लोकांच्या सरकारलाही लागू पडतो.

आता ज्या प्रकरणात हे सारे धागे एका ठिकाणी येतात त्याकडे वळावे. 25 सप्टेंबर 1819 च्या तहाने सातारचे राज्य छत्रपती प्रतापसिंह यांच्याकडे राहिले, मात्र कंपनीच्या संमतीवाचून इतर सत्तांशी पत्रव्यवहार करण्याची त्यांना बंदी झाली. भोर, औंध, फलटण, जत, अक्कलकोट वगैरे जहागिरींवरच्या हक्कावरून मुंबई सरकारशी त्यांचे बिनसत गेले, आणि तो वाद लंडनपर्यंत नेण्याची त्यांची तयारी दिसू लागली, त्याच सुमारास त्यांच्याविरुद्ध ‘पुरावा’ जमू लागला. 1836 साली साताऱ्यात गुप्त चौकशी समिती बसली. आरोप असे होते की महाराजांनी 23 व्या देशी पलटणीच्या सुभेदारांना फितवण्याचा प्रयत्न केला, गोव्याच्या पोर्तुगीज सरकारशी संधान बांधले, आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संपर्क ठेवला. साक्षी होत्या, कागद होते, दिवाण गोविंदराव यांच्या आईच्या नावाने गेलेला एक अर्जही होता, आणि तो खरोखर त्या बाईंनी दिला होता का हाच पुढे वादाचा विषय झाला. आरोपांच्या आणि साक्षींच्या नकला मागूनही महाराजांना त्या मिळाल्या नाहीत. चौकशी करणारे, फिर्यादी आणि निकालाने ज्यांचा फायदा व्हायचा ते, हे तिघे एकच होते. आरोप करणाऱ्याच्या डोक्यावर ‘शीर्ष’ तर नव्हतेच.

ऑगस्ट 1839 मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यास आले. त्यांनी महाराजांपुढे जो मार्ग ठेवला तो धर्मशास्त्राच्या अभ्यासकाने नीट पाहावा असा आहे. झाले गेले विसरून गादी कायम ठेवण्याची त्यांची तयारी होती. अट एवढीच की दोष मान्य असल्याचा अर्थ निघेल अशा मसुद्यावर महाराजांनी सही करावी. प्रतिवादीच्या चार प्रकारच्या उत्तरांपैकी आरोप कबूल करण्याला स्मृतिकार ‘संप्रतिपत्ती’ म्हणतात, आणि असे उत्तर आले की पुढे पुराव्याचे कामच राहत नाही, वाद तेथेच मिटतो. कार्नॅक यांना नेमके हेच हवे होते. तीन वर्षे गोळा केलेल्या कागदांचे वजन पुरेसे असते, तर या सहीची गरज पडली नसती. सही मागणे म्हणजेच पुरावा अपुरा असल्याचे मागणाऱ्याने दिलेले प्रमाण होते. राज्य गेले तरी चालेल, न केलेला अपराध केला म्हणणार नाही, अशी भूमिका घेऊन प्रतापसिंहांनी सही नाकारली. येथे भयापोटी बोलणारा कौटिल्याचा मांडव्य नाही आणि गप्प राहून सुळावर जाणारा व्यासांचा मांडव्यही नाही. येथे दोष स्पष्ट शब्दांत नाकारणारा आणि नाकारण्याची किंमत आधी ठाऊक असलेला माणूस आहे, आणि त्याच्या नकाराने कंपनीच्या पुराव्यातली रिकामी जागा रिकामीच राहिली. ‘कर नाही त्याला डर कशाला’ या म्हणीला येथे उलटा अर्थ मिळतो: भिण्यासारखे सारे काही समोर असताना तो भ्याला नाही, तरीही दोषी ठरवला गेला, तेव्हा भीतीवरून दोष ओळखणाऱ्यांनी निर्भयतेवरून निर्दोषपण का ओळखू नये?

प्रतापसिंह खरोखर सर्वस्वी अनभिज्ञ होते काय, दरबारातल्या कोणी त्यांच्या नावाने उद्योग केले काय, यावर इतिहासकारांनी वाद घालावा. येथील मुद्दा त्यावर अवलंबून नाही. खुणा दोष सुचवतात, सिद्ध करीत नाहीत. मधले अंतर भरण्याचे ओझे खूण दाखवणाऱ्यावर असते, ते आरोपीच्या मौनावर, घामावर, भोगावर किंवा दडपणाखाली घेतलेल्या सहीवर टाकता येत नाही. आधुनिक भारतीय कायदा येथपर्यंत बराच आला आहे. चोरीनंतर लवकरच ज्याच्याकडे माल सापडतो आणि ज्याला त्याचा खुलासा करता येत नाही, तो चोर आहे किंवा चोरीचा माल जाणून घेणारा आहे असे न्यायालय ‘गृहीत धरू शकेल’, असे 1872 च्या पुरावा कायद्याने म्हटले आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ते कायम ठेवले. धरू शकेल, धरलेच पाहिजे असे नाही. 1984 मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या घालून दिल्या आणि त्यांना ‘पंचशील’ म्हटले. त्यांतली एक अशी की सिद्ध झालेल्या गोष्टींतून आरोपीच्या दोषाखेरीज दुसरा कोणताही तर्कसंगत अर्थ निघता कामा नये. बृहस्पतीची युक्ती ती हीच.

प्रतापसिंहांना ही कसोटी लाभली नाही. 5 सप्टेंबर 1839 रोजी त्यांना पदच्युत करून पुढे काशीला नेण्यात आले, आणि त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसवण्यात आले. महाराजांची बाजू मांडण्यासाठी विलायतेस गेलेले रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये 1853 पर्यंत कंपनीचे भागधारक आणि पार्लमेंटचे सभासद यांचे दरवाजे ठोठावत राहिले. प्रतापसिंह 14 ऑक्टोबर 1847 रोजी काशीत वारले, शहाजी 1848 च्या एप्रिलमध्ये गेले, आणि औरस वारस नाही या कारणाने डलहौसीने राज्य खालसा केले. ज्या आरोपांवरून छत्रपतींची गादी गेली, त्यांची सुनावणी कोणत्याही उघड न्यायासनापुढे कधीच झाली नाही.